दारू सुटली, आता देवही मानायला हवा का?

प्रश्न: माझ्या नवऱ्याची दारू सुटून काही महिने झाले. इथे परदेशात तो एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेच्या मीटिंगला नियमित जातो. पण तिथे ‘आपल्याहून मोठी शक्ती’ वगैरे सुरू झालं की घरी येऊन चिडतो. ‘दारू सोडायला गेलोय, कीर्तन ऐकायला नाही,’ म्हणतो. तो पहिल्यापासून नास्तिक, मी आणि सासूबाई श्रद्धाळू. सासूबाई फोनवर म्हणतात, हीच वेळ आहे, त्याला देवाकडे वळव. कसं वळवू?

उत्तर: वळवू नका. देव आहे की नाही हा तुमच्या घरातला वाद लग्नाइतका जुना असणार. समोरचा माणूस आजारातून उठतोय म्हणून तो आत्ता जिंकून घ्यायचा, हे बरं नाही. सासूबाई मायेपोटी बोलतात, पण ‘देव मानला नाही म्हणून व्यसन लागलं’ असा सूर त्यात असेल तर त्यांना तिथेच थांबवा. रोज जप करणारेही दारूत बुडतात, आणि पक्के नास्तिक जन्मभर थेंबाला शिवत नाहीत.

यजमानांची चिडचिड मला रास्त वाटते. पाश्चात्त्य देशांत बऱ्याच मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात, अमेरिकेत काही ठिकाणी शेवटी हात धरून ख्रिस्ती प्रार्थनाही म्हणतात. नास्तिक मराठी माणूस तिथे अवघडणारच. पण एए कुठल्याही चर्चची नाही. प्रार्थनेला गप्प उभं राहायला हरकत नसते, आणि सभासद व्हायला अट एकच: दारू सोडायची इच्छा.

शिवाय हे भांडण एएला नवीन नाही. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून ती सुरू झाली. सुरुवातीच्या मंडळींत देवाचं नाव काढलं की बिथरणारे होतेच. एएचा कार्यक्रम म्हणजे बारा पायऱ्या. त्या लिहिताना या मंडळींनी हट्ट धरला, म्हणून देवाच्या उल्लेखाला ‘आम्हाला उमगला तसा’ ही पुस्ती जोडली गेली. १९३९च्या त्यांच्या पुस्तकात अज्ञेयवाद्यांसाठी, म्हणजे देव आहे की नाही हे कळणं शक्य नाही म्हणणाऱ्यांसाठी, अख्खं प्रकरण आहे. (मला ते फारसं पटत नाही, कारण फिरून फिरून ते वाचकाला देवाच्याच दारात आणून सोडतं. यजमानांच्याही ते लगेच लक्षात येईल.) त्यापेक्षा त्याच पुस्तकाच्या १९४१च्या छपाईत आलेली पुरवणी त्यांना वाचायला सांगा. साक्षात्कार वगैरे व्हावा लागत नाही, बहुतेकांमधला बदल सावकाश घडतो, असं तिथे स्वच्छ लिहिलंय.

समजा, संध्याकाळी ऑफिसातून निघताना त्यांना तलफ येते. डोकं वकिली सुरू करतं: एवढे महिने जमलं, एका पेगने काय होतंय? तर्कावर जगणाऱ्या माणसाची पंचाईत ही, की त्या घडीला त्याचा तर्कच त्याला बारकडे नेत असतो. अशा वेळी तो गाडीत बसून स्पॉन्सरला, म्हणजे एएतल्या आपल्या अनुभवी सोबत्याला, फोन लावतो, ‘आत्ता प्यावंसं वाटतंय’ म्हणतो, थोडा वेळ बोलतो आणि तलफ ओसरते. यात देव कुठेच आला नाही. आपल्या एकट्याच्या अकलेवर हे निभत नाही, एवढी कबुली आली, आणि ‘आपल्याहून मोठी शक्ती आपल्याला सावरू शकते’ असं मानायच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवायला नास्तिकाला ती पुरते. पुष्कळ नास्तिक सभासद ‘मोठी शक्ती’ म्हणून आपला ग्रुपच धरतात. पुढे कोणाला देव सापडतो, कोणाला रोज थोडा वेळ शांत बसायची गोडी लागते, कोणाचं शेवटपर्यंत ग्रुपवरच भागतं. आपल्या चुकांचा पाढा लिहून काढणं, ज्यांना दुखावलं त्यांच्यापाशी जाऊन शक्य ती भरपाई करणं, ही पुढच्या पायऱ्यांमधली कामं तर नास्तिकालाही तितकीच अवघड आणि तितकीच करण्याजोगी आहेत. माझ्या मते माणूस बदलतो तो तिथे.

इतकं करूनही शब्द टोचतच राहिले तर नास्तिकांचे वेगळे एए ग्रुप आहेत, ऑनलाइनही आहेत. १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरी ही देवाचा विषयच न काढणारी संस्था चालते. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट या दारूपासून दूर राहायला मदत करणाऱ्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारता येतं. मात्र रागाच्या भरात एए सोडू देऊ नका. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात, पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, एएकडे नेणारे सुसूत्र उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले आहेत.

तुम्ही स्वतः अल-अनॉनच्या मीटिंगला जा. ती नातेवाइकांसाठी आहे आणि पायऱ्या जवळपास त्याच. देवाचे शब्द तुम्हाला सोपे जातील. नवऱ्याचं पिणं आपल्या हातात नाही, हे मान्य करताना मात्र तुमचीही दमछाक होईल.

आणि कधी घसरण झालीच तर आधी स्पॉन्सर, मग डॉक्टर. पुन्हा रोजचं भरपूर पिणं सुरू झालं असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, त्यात जीवही जाऊ शकतो. हात थरथरणं आणि घाम दिसला की लगेच डॉक्टर गाठा. झटका आला, भास होऊ लागले किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीला न्या.