आधी मोजमाप, मग शब्द

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

क्वांटम भौतिकशास्त्राबद्दलचा तुझा मेसेज वाचला. ‘सुपरपोझिशन म्हणजे हवेत उडवलेलं नाणं, छापा आणि काटा एकाच वेळी,’ असं लिहून पुढे म्हणतेस, ‘तरी काहीच कळत नाही.’ कळणार कसं? हवेतलं नाणंसुद्धा कुठल्याही क्षणी एका ठरलेल्या स्थितीत असतं, आपल्याला ती दिसत नाही एवढंच. ते उदाहरण वहीतून आजच खोडून टाक.

त्यापेक्षा भौतिकशास्त्रज्ञ अकिरा टोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली जपानमध्ये केलेला प्रयोग बघ. पडद्यापर्यंत जायला दोन वाटा असलेल्या उपकरणात एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडायचा. पडद्यावर एक ठिपका उमटतो, मग दुसरा, तिसरा, कुठेही, कसेही. हजारो ठिपके जमले की त्यांतून पट्टे दिसायला लागतात, गडद आणि फिके. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा आला होता, तरी पट्ट्यांचा हिशोब दोन्ही वाटा धरल्याशिवाय लागत नाही. तो हिशोब लावण्यासाठी सुपरपोझिशन, म्हणजे दोन्ही शक्यता एकत्र धरणं, लागलं. पट्टे नसते तर हा शब्द कुणी काढलाच नसता.

आधी मोजमाप, मग शब्द. कशाने मोजलं आणि आकडा काय आला, हे विचारल्याशिवाय एकही व्याख्या पाठ करू नकोस.

आम्हाला उलटं शिकवलं गेलं. व्याख्या उतरवून घ्यायच्या, प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारा स्पेक्ट्रोमीटर कपाटात कुलूपबंद. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या, मला नोकरीला लागल्यावर पाहायला मिळाल्या. ती वर्षं हातची गेली याची खंत अजून जात नाही. म्हणून मी शिकवायला लागल्यावर आधी रेषा दाखवायचो, ऊर्जापातळी (अणूतल्या इलेक्ट्रॉनची ठरावीक ऊर्जा) हा शब्द नंतर. पोर्शन मागे पडतो म्हणून पालकांची तक्रार गेली, मला लेखी खुलासा द्यावा लागला. दिला. आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच शिकवलं. त्या मुलांना ऊर्जापातळी घोकावी लागली नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

स्पिनचंही तेच, म्हणजे कणांच्या अंगच्या छोट्या चुंबकासारख्या गुणाचं. दीड टेस्ला चुंबकक्षेत्राच्या एमआरआय मशीनमध्ये अंगातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. अंतराळातल्या हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉनचा स्पिन प्रोटॉनच्या तुलनेत उलटला की १४२० मेगाहर्ट्झची लहर निघते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, त्या असल्या लहरी टिपतात. जमलं तर एकदा जाऊन ये. टनेलिंग, म्हणजे एरवी ओलांडता न येणारा अडथळा कणाने पार करणं, तर तुझ्या पेनड्राइव्हमध्येच आहे. काही नॅनोमीटर जाडीचा विद्युतरोधक थर पार करून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात आणि तिथेच अडकून राहतात, म्हणून वीज नसतानाही फाइल टिकते.

एंटँगलमेंटचा, म्हणजे दूर असलेल्या दोन कणांची मोजमापं एकमेकांशी जोडलेली असण्याचा, मात्र घरात रोजचा काही उपयोग नाही. आहे असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नकोस. त्यावरच्या प्रयोगांना २०२२चं नोबेल मिळालं, एवढ्याने ते स्वयंपाकघरात येत नाही.

आणि तू विचारलेलं, तुझ्या मावशीने घेतलेलं ‘क्वांटम’ लॉकेट? काय मोजलं, ते विक्रेत्याला विचारायचं. २०२१ साली नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने असल्या काही वस्तू खरोखर तपासल्या, तर त्यांतून किरणोत्सर्ग निघत होता, दीर्घकाळ अंगावर ठेवला तर अपायकारक ठरू शकेल असा. मावशीला ते आधी गळ्यातून काढायला सांग.

आता कामाचं. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे साधे एलईडी आण, शक्यतो पारदर्शक आवरणाचे. व्होल्टेज कमीजास्त करायला एक पोटेन्शिओमीटर, ४७० ओहमचा रेझिस्टर, मल्टीमीटर आणि ९ व्होल्टची बॅटरी. खोलीत अंधार कर आणि व्होल्टेज हळूहळू वाढव. लाल पावणेदोन व्होल्टच्या आसपास मिणमिणायला लागेल, निळा अडीचच्या आसपास. लाल प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे २ इलेक्ट्रॉनव्होल्ट, निळ्याची सुमारे २.६, म्हणून हा फरक. आडव्या अक्षावर वारंवारता घे, उभ्यावर व्होल्टेज. रेषेचा चढ इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने गुणलास की प्लँकने १९०० साली मांडलेला स्थिरांक तुझ्या टेबलावर येईल, ६.६ × १०⁻³⁴ च्या जवळपास. थोडा चुकेल, चुकू दे, पण आकडा तुझा असेल. तोवर मला ‘फोटॉन म्हणजे काय’ विचारायचं नाही.

रेषा शून्यातून जाणार नाही. का जात नाही, ते आधी स्वतः शोध, मग आलेखाचा फोटो पाठव.

तुझे सर