झूम की ट्रॉली?

प्रश्न : झूम केले काय किंवा कॅमेरा पुढे नेला काय, पडद्यावर चेहरा मोठाच होतो. मग रूळ टाकून ट्रॉली, म्हणजे कॅमेरा ठेवलेला चाकांचा गाडा, ढकलण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर : चेहरा मोठा होतो हे खरे, पण त्याच्या मागे काय घडते ते पाहावे. खोलीच्या टोकाला कोणी पत्र वाचत बसले आहे, असे समजा. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, केवळ भिंगाचे नाभीय अंतर वाढते. त्यामुळे चेहरा आणि मागची भिंत सारख्याच प्रमाणात मोठी होते आणि आपण दुरूनच न्याहाळतो आहोत, ही जाणीव टिकते. पाळतीच्या प्रसंगाला ते शोभते. ट्रॉलीवर मात्र दाराची चौकट, टेबलाची कड बाजूला सरकत जाते, चेहरा वाढतो, भिंत फारशी वाढत नाही आणि प्रेक्षक त्या खोलीत शिरतो.

दोन्ही क्रिया एकाच वेळी उलट दिशांनी केल्या, तर मुख्य वस्तूचा आकार तोच राहून भोवतालची जागा ताणली जाते. १९५८ च्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटात दिग्दर्शक हिचकॉक यांनी उंचीची भोवळ अशीच दाखवली. अलीकडे मात्र ही युक्ती उगीचच वापरली जाते, असे माझे मत आहे.