टायर मोठे घातले, आता फेंडर (चाकावरचा पत्रा) किती कापू?

प्रश्न : नमस्कार दादा, माझी जुनी जिप्सी आहे. मूळचे २०५/७० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ घातले, दिसते एकदम भारी, पण बागेच्या रस्त्याला खड्ड्यात चाक दबलं आणि स्टेअरिंग पूर्ण वळलेलं असलं की पुढे घासतं. गॅरेजवाला म्हणतो चाकाच्या कमानीवर बाहेरून रुंद फ्लेअर लावू, काम होईल. लावू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : लावा, पण नुसत्या फ्लेअरने घासणं थांबणार नाही हो. फ्लेअर म्हणजे घराची वळचण, बाहेर आलेल्या टायरचा चिखल अंगावर उडू नये म्हणून. आत जागा होते ती पत्रा कापून नाहीतर गाडी उचलून. तुमच्या टायरचा व्यास ६६८ मिमीचा ७३३ झालाय, म्हणजे वर, पुढे, मागे सगळीकडे ३३ मिमी जास्त, सव्वा इंच धरा.

आधी नेमकं कुठे लागतंय ते बघा. अंगणात दोन चिरे नीट मांडून पुढचं एक चाक त्यावर चढवा, टायरच्या खांद्याला खडू फासा आणि स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, मग दुसरं चाक. जिथे खडू उमटला तिथे बोटभर जागा जास्त सोडून टेप लावा आणि तेवढंच कापा, फ्लेअरच्या मापाने कापू नका. मागच्या कमानीला मात्र दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, ती शिवण कापली की पत्रे सुटतात आणि पाणी थेट आत, तिथे आतली कड हातोडीने हळूहळू दुमडलेली बरी.

आणि खरं काम इथून पुढे आहे, आपल्याकडे तर जास्तच. समुद्राचा खारा वारा उघड्या पत्र्याला सोडत नाही. माझ्या गाडीला एका गॅरेजात ड्रिल मारून थेट स्क्रू पिळले होते, रंग नाही काही नाही, पावसाळा संपेपर्यंत प्रत्येक स्क्रूखालून तांबडे ओघळ आले आणि फ्लेअर काढला तर आत ओली तांबडी माती गच्च बसलेली, खालचा पत्रा बोटाने तुटत होता. फार वाईट वाटलं. म्हणून कापलेली कड आणि प्रत्येक भोक कानशीने साफ करा, झिंक प्रायमर, वर रंग, शिवणीला सीलंट, आणि हे सगळं वाळल्यावरच फ्लेअर चढवा. बोल्ट स्टेनलेसचे घ्या पण खाली नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर स्टेनलेसला लागून असलेला साधा पत्रा लवकर गंजतो. फ्लेअर आणि पत्र्याच्या मधली रबराची पट्टी खालच्या टोकाला दोन बोटं उघडी ठेवा, पाणी निघून जायला.

कापण्याआधी आरटीओत विचारून घ्या, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदींशी न जुळणारा बदल चालत नाही.

स्पीडोमीटर आता ६० दाखवेल तेव्हा तुम्ही साधारण ६६ ने जात असाल, घाटात उतरताना हे डोक्यात असू द्या. स्टेपनी पण त्याच मापाची घ्या, फोर बाय फोर टाकून वेगळ्या मापाचं चाक फिरवलं तर ताण गिअरवर येतो.