पहिल्या नंबरवर ‘खात्रीचं’ कॉलेज का लिहू नये

दरवर्षी जून संपत आला की सोलापूरच्या माझ्या खोलीत, जिथे मी प्रवेशाबद्दल सल्ला देते, एकच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते. “मॅडम, वर मोठमोठी कॉलेजं लिहिली आणि ती नाही मिळाली, तर खालचं हातचंही जाईल का?” इंजिनिअरिंगचा ऑनलाइन पर्याय अर्ज, म्हणजे कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लिहायचा ऑप्शन फॉर्म, भरायच्या आधी हा प्रश्न पडला नाही असं घर मी क्वचितच पाहिलंय. उत्तर अगदी थोडक्यात देता येतं: नाही जात. पण तेवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही. म्हणून 2025 च्या पावसाळ्यात आलेल्या एका घराची गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आषाढीच्या आदल्या आठवड्यात बार्शीहून तिघं आले. मुलगा, आई आणि वडील. एसट्या वारकऱ्यांनी भरलेल्या, त्यामुळे सत्तर किलोमीटर उभ्यानं आलेले. वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी, आई अंगणवाडी सेविका. मुलाला सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, 91 पर्सेंटाइलच्या थोडं वर; म्हणजे शंभरातली साधारण 91 मुलं त्याच्या मागे. त्यानं फुलस्केपच्या पानावर सात नावं लिहून आणली होती. सातही कॉलेजं पुण्याची, सातही ठिकाणी शाखा कॉम्प्युटर. त्याच पानावर वडिलांनी लाल पेनानं सातव्या नावाखाली आठवं नाव घातलं होतं, घरापासून जवळचं एक कॉलेज. आणि तिथून एक लांबलचक बाण काढून थेट वर, एक नंबरच्याही डोक्यावर नेला होता.

“हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, असं आमचं म्हणणं,” वडील म्हणाले. “हे नक्की मिळतंय. आधी हे धरू, मग बाकीचं बघू.”

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. एसटीत या बाणावरून काय झालं असेल ते मला विचारावं लागलं नाही.

मी त्या बाणावर बोट ठेवलं आणि आधी तेवढंच बोलले. कारण वडिलांची सावधगिरीच त्या मुलाला सगळ्यात महागात पडणार होती.

जागावाटप कसं चालतं बघा. गुणवत्ता यादीत जो पहिला, त्याची पर्याय यादी आधी उघडते. ती वरून खाली वाचली जाते, जिथे त्याच्या वाट्याची जागा शिल्लक आहे तिथे थांबते. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. तुमच्या मुलाची पाळी येईल तेव्हा त्याचीही यादी वरूनच वाचली जाणार. पहिल्या पाच ठिकाणी जागा नसेल तर सहावं बघतील. पहिली पाच लिहिली म्हणून सहाव्या ठिकाणचा त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. सहावं कॉलेज ‘आम्हाला सहावा नंबर दिलास काय’ म्हणून रुसत नाही. तिथे त्याच्यापेक्षा कमी गुणांचा मुलगा ते कॉलेज पहिल्या नंबरवर लिहून बसला असला, तरी जागा आधी याचीच.

आता उलट बाजू. 2025-26 च्या प्रवेशात चार फेऱ्या ठेवल्या होत्या आणि नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते आपोआप पक्कं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं कुठलंही मिळालं तर पक्कं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं. यालाच ऑटो फ्रीझ म्हणतात. तसं पक्कं झाल्यावर ती जागा घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे ‘खात्रीचं’ कॉलेज एक नंबरला लिहिलं असतं आणि वडील म्हणत होते तसं ते पहिल्याच फेरीत मिळालं असतं, तर बाकीची सात नावं कुणी उघडूनही पाहिली नसती. ‘मग बाकीचं बघू’ ही वेळच आली नसती.

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी स्वतःच पेन घेऊन तो बाण गिरवून खोडला. आईनं पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं.

पण मुलाची यादीही धड नव्हती, आणि ते त्याला सांगणं जास्त अवघड होतं. सात नावांची यादी म्हणजे सात तिकिटं काढून ठेवण्यासारखं. त्यातली पाच त्याच्या गुणांच्या कितीतरी वर होती. 300 पर्यंत पर्याय भरता येत असताना सातांवर थांबणं यात ठामपणा नाही, अभ्यास टाळणं आहे, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याला राग आला. यायला हवाच होता.

कटऑफचा कागद वाचायला मात्र मला वडिलांचीच मदत झाली. हे प्रवेश चालवणारं सरकारी कार्यालय, म्हणजे सीईटी सेल, दरवर्षी फेरीनिहाय कटऑफ जाहीर करतं. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेले ते बारीक अक्षरांचे कागद त्यांनी पिशवीतून काढले आणि म्हणाले, “यातलं काही कळत नाही.” मी विचारलं, “दादा, यार्डाच्या फळ्यावर तुरीचा भाव कसा लिहितात?” ते म्हणाले, “किमान, कमाल, सर्वसाधारण.” मी म्हटलं, मग हा फक्त किमान भाव आहे. त्या फेरीत त्या प्रवर्गाच्या रकान्यात शेवटी जो आत गेला, त्याचा आकडा. त्या रकान्यातली बाकी मुलं त्याच्या वर. आणि गेल्या वर्षीचा भाव यंदाचा असेलच असं नाही, म्हणून एका वर्षाच्या कागदावर जायचं नाही, तीन वर्षांचे शेजारी शेजारी ठेवायचे. हे त्यांना दोन मिनिटांत कळलं.

पर्सेंटाइलबरोबर गुणवत्ता क्रमांकही बघायचा. एका पर्सेंटाइलमध्ये काही हजार मुलं मावतात. 90 आणि 91 मधलं अंतर कागदावर बोटभर दिसतं, रांगेत ते कोसभर असतं.

मग रकाना कुठला? इथे एक गोम निघाली. मुलगा ओबीसी, त्यामुळे ओपन आणि ओबीसी दोन्ही रकाने त्याचे. नॉन-क्रीमिलेअर दाखला 31 मार्च 2026 पर्यंतचा होता, जात पडताळणीही झालेली. ते ठीक. पण रकान्याच्या नावाचं शेवटचं अक्षर महत्त्वाचं असतं: एस म्हणजे राज्यस्तरीय जागा, एच म्हणजे गृहविद्यापीठाच्या मुलांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी. जिथे हा भेद लागू आहे तिथे 70 टक्के जागा गृहविद्यापीठाला आणि 30 टक्के बाहेरच्यांना. घरचे धरून चालले होते की आपण बार्शीचे, म्हणजे आपलं सोलापूर विद्यापीठ. पण मुलगा बारावी झाला लातूरला. गृहविद्यापीठ ठरतं ते बारावी जिथून झाली त्यावरून, आणि लातूर येतं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात. म्हणजे घराजवळच्या ज्या कॉलेजात एचच्या रकान्याचा कटऑफ बघून वडील ‘नक्की’ म्हणत होते, तिथे त्यांचा मुलगा ओच्या रकान्यात बसत होता. त्यांचं खात्रीचं कॉलेज तितकंसं खात्रीचं नव्हतंच. लातूरला शिकायला गेलेल्या मुलांच्या घरी ही चूक मी वारंवार पाहते, म्हणून इतकं लांबवून सांगितलं.

त्या दिवशी मी त्यांना यादी करून दिली नाही. कधीच देत नाही. तीन ढीग करायला सांगितले. पहिला, उंच फांदीवरची कॉलेजं: तिथला आकडा आपल्या वर आहे, पण तीन वर्षांत एखाद्या फेरीत तो आपल्या जवळ आला होता. दुसरा, हाताला लागणारी: आकडा आपल्या थोडा वर-खाली. तिसरा, पदरात पडणारी: तिन्ही वर्षं आपल्या बराच खाली. प्रत्येक ढिगात कॉलेज आणि शाखा अशी जोडी लिहायची, कारण जागा जोडीला मिळते. नावाशेजारी संस्थेचा कोड लिहायचाच. एकाच संस्थेची एकसारख्या नावाची कॉलेजं दोन-तीन गावांत असतात. आदल्या वर्षी एका मुलीनं नेट कॅफेतून तयार यादी उतरवून घेतली होती, शंभरावर नावांची. तिला शेवटी मिळालेलं कॉलेज ओळखीच्या नावाचं निघालं, पण गाव तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. ती माझ्याकडे आली तेव्हा पैसे भरून झाले होते.

शाखेवर आमचं दुसऱ्या भेटीत बरंच बोलणं झालं. कॉम्प्युटरच का, याला त्याच्याकडे ‘सगळे घेतात’ याच्या पलीकडे उत्तर नव्हतं. मग घरी काय करतोस, सुट्टीत काय केलंस, असं विचारत गेले. दुकानात धान्याचा ओलावा मोजायचं यंत्र असतं. ते चुकीचे आकडे दाखवायला लागलं तेव्हा त्यानं उघडलं होतं, सेन्सरवर बसलेली धूळ आणि एक निसटलेली तार शोधली होती, आणि वजनकाट्याच्या माणसाकडून ते जुळवून कसं घेतात ते शिकून घेतलं होतं. हे सांगताना तो पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसला. मी त्याला म्हटलं, याच कामाची एक शाखा आहे, इन्स्ट्रुमेंटेशन म्हणतात तिला. नांदेडला, जळगावला, अवसरी खुर्दला सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयांत ती शिकवतात. त्यानं ते नावच ऐकलेलं नव्हतं. तसं इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमही त्याच्या यादीत कुठे नव्हतं. कॉम्प्युटर सोड असं मी म्हटलं नाही. त्याचं ते वरच राहिलं. पण खालच्या दोन ढिगांना एकदम अर्थ आला.

मला सगळ्यात जास्त आस्था आहे ती तिसऱ्या ढिगाबद्दल. घरोघरी सगळी भांडणं पहिल्या पाच नावांवर होतात आणि शेवटची वीस नावं रात्री अकराला घाईघाईनं भरली जातात. मूल जातं मात्र पुष्कळदा त्याच विसांतल्या एखाद्या ठिकाणी. म्हणून पदरात पडणाऱ्या प्रत्येक नावावर मी एकच प्रश्न विचारते: याच कॉलेजात उद्या नाव लागलं तर परवा बॅग भरशील का? ‘बघू’ असं उत्तर आलं तर नाव काढायचं. त्याच्या तिसऱ्या ढिगात अठरा नावं होती, त्यातली पाच त्यानं खोडली. उरलेल्या तेरांपैकी जवळच्या चारांना वडील आणि तो प्रत्यक्ष जाऊन आले. मी सांगितलं होतं, कामाच्या दिवशी अकराच्या सुमाराला जा, ऑफिसात फार बसू नका, तिसऱ्या वर्षाची मुलं गाठा, प्रॅक्टिकल खरंच होतात का विचारा, मेसमध्ये जेवा. एका ठिकाणी प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे तीन माणसांना विचारूनही कळलं नाही. ते नाव त्यांनी परतीच्या वाटेवरच खोडलं. बारा उरली.

पैशाचं गणित आईनं केलं. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत, त्यामुळे ओबीसी मुलगा म्हणून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत. शुल्कमाफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागाही यादीत घातल्या. त्या मंजूर जागांच्या 5 टक्के, साठांच्या वर्गाला तीनच, त्यामुळे कटऑफ बहुधा चढा. त्यांचा कोड वेगळा असतो, ती वेगळी ओळ म्हणून भरावी लागते, आणि पुढे शाखा बदलता येत नाही. हे कळल्यावर त्यानं जिथे शाखा मनापासून हवी होती तिथेच त्या ओळी ठेवल्या. आईनं वसतिगृह, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा मांडला. पुण्यातल्या दोन कॉलेजांपुढे तिनं काही न बोलता नुसती बेरीज लिहून ठेवली. ती दोन नावं मुलानं स्वतः खाली नेली.

पंचेचाळीस ओळींची यादी झाली. क्रम पूर्णपणे आवडीचा. संधी किती हे यादीत घ्यायचं की नाही ते ठरवताना बघायचं, क्रम लावताना नाही. एक नंबरला पुण्यातलंच कॉलेज राहिलं, जे मिळायची आशा फार थोडी होती, आणि वडिलांनी त्याला हरकत घेतली नाही.

पहिल्या फेरीत तेहेतिसावं आलं. फोनवर मुलाचा आवाज पडला होता. वडील मात्र शांत होते. “पदरात पडलंय, आता वर बघू,” म्हणाले. हजार रुपये भरून जागा स्वीकारली आणि पुढच्या फेरीचा पर्याय खुला ठेवला. दुसऱ्या फेरीत एकोणिसावं. तिसऱ्या फेरीत अकरावं: सरकारी महाविद्यालय, इन्स्ट्रुमेंटेशन. पहिल्या सहांत नव्हतं, त्यामुळे आपोआप पक्कं झालं नाही. ठरवायचं त्याच्यावर होतं. चौथ्या फेरीसाठी थांबावं का, म्हणून त्यानं रात्री फोन केला. मी विचारलं, वरच्या दहांतलं कुठलं मिळालं तर हे सोडताना वाईट वाटणार नाही? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दोनच. आणि ती येत नाहीत.” सकाळी त्यानं ती जागा पक्की केली.

दिवाळीत तिघं भेटायला आले, बरोबर धाकटी बहीण, दहावीतली. पहिल्या सत्रातलं गणित जड जातंय, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं. मेसमधली भाकरी कच्ची असते, हे आईनं. वडिलांनी पिशवीतून एक नवी लांब वही काढली, दुकानात वापरतात तसली. पहिल्या पानावर मुलीचं नाव होतं. खाली पट्टीनं रकाने आखले होते: कॉलेज, कोड, शाखा, तीन वर्षांचा किमान. आणि शेवटचा, सगळ्यात रुंद रकाना, त्यावर लिहिलं होतं: ‘बॅग भरणार का’.