रुसण्याला किती पानं मिळाली?

अनेक आशीर्वाद.

वाचनालयातल्या मुलांच्या कोपऱ्यासाठी सकारात्मक विचार आणि सजगता शिकवणारी चित्रपुस्तकं निवडायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. तू यादी मागितलीस. ती तूच करशील; पुस्तक हातात आलं की मी काय करते, तेवढं सांगते.

आधी मजकूर हाताने झाकते आणि नुसती चित्रं बघत जाते. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं, कारण छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालून 8 किंवा 16 पानांचे फर्मे होतात. एवढ्याशा जागेत मूल रुसतं, घाबरतं, सावरतं. त्यातली रुसण्याला किती पानं मिळाली ते मोज. एका पानावर रडू आणि लगेच पुढच्यावर कुणी मोठं माणूस ‘नेहमी चांगलं बघावं’ असं सांगत असेल, तर ते पुस्तक बाजूला ठेव. रडू लपवायचं असतं, एवढंच मुलाला त्यातून कळतं. सकारात्मक म्हणजे हसरा चेहरा हा गैरसमज आपण मोठ्यांचा. तो मुलांच्या गळ्यात बांधू नकोस.

मॉरिस सेंडॅकचं 1963 सालचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ मिळालं तर समोर घेऊन बस. सुरुवातीची चित्रं लहान, भोवती पांढरी जागा. गोष्टीतला चिडलेला मुलगा, मॅक्स, आपल्या कल्पनेत शिरत जातो तशी ती पसरत जातात, आणि मग लागोपाठ तीन जोडपानं येतात, एकही शब्द नसलेली. शेवटच्या पानावर चित्रच नाही. मॅक्ससाठी ठेवलेलं जेवण अजून गरम होतं, एवढंच. राग आला, पुरता येऊन गेला. ‘शांत हो’ म्हणायला कुणी आलं नाही.

अशा बिनशब्दांच्या पानांवर माझीच घाई व्हायची. एकदा चार वर्षांच्या एका मुलाने मी उलटलेलं पान परत मागे घेतलं. ‘थांब ना, मी शेपूट बघतोय,’ म्हणाला, आणि बोट ठेवून शेंड्यापर्यंत गेला. सजगता म्हणतात ती हीच गं. तो शब्द पुस्तकात नसला तरी चालेल.

श्वासावरची पुस्तकं घेशील ती मोठ्याने वाचून बघ. वाचताना तुझाच श्वास संथ झाला पाहिजे. ‘मन शांत करा’ हे लहानग्याला कळत नाही. पोटावर ठेवलेलं खेळणं वरखाली होताना बघणं कळतं. आणि अशी पुस्तकं मूल चिडलेलं असताना उघडू नकोस. चिडल्यावरच बाहेर निघणारं पुस्तक त्याला शिक्षा वाटू लागतं. निवांत वेळी वाच, पुन्हा पुन्हा वाच.

अगदी तान्ह्यांसाठी जाड पुठ्ठ्याचीच घे, ती तोंडात जाणारच.

पहिली पाच निवडलीस की कळव. नाकारलीस ती का नाकारलीस, तेही लिही; मला ते जास्त वाचायचंय.