ऑनलाइन तासिकेत वर्गातले काय आणावे

सर, आपण शहाद्याहून विचारले आहे की, बी.एस्सी. प्रथम वर्षाची भौतिकशास्त्राची ऑनलाइन तासिका महाविद्यालयातील वर्गासारखी व्हावी यासाठी कोणती वेब-साधने वापरावीत. आपले विद्यार्थी धडगाव-अक्कलकुव्यापासून शिरपूरपर्यंत विखुरलेले आहेत आणि बहुतेकांजवळ केवळ मोबाइल आहे, असेही आपण लिहिले आहे. साधनांकडे वळण्याआधी एक मत मांडतो. आपण शिक्षकाचा चेहरा पडद्यावर नीट दिसावा यासाठी फार धडपडतो. वर्गातले बरेचसे शिकणे मात्र शेजारच्या बाकावरच्या मुलाला हळूच विचारण्यात, शिक्षकांनी रांगांमधून फिरत वहीत डोकावण्यात आणि तास सुटल्यावर टेबलाभोवती रेंगाळण्यात होते. साधने या तीन गोष्टींसाठी निवडावीत.

सातपुड्यातल्या गावांत नेटवर्क केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून चित्राआधी आवाज सांभाळावा. ब्राउझरमधील बहुतेक सभा ज्या ओपस प्रणालीने आवाज पाठवतात, तिच्यात सेकंदाला ३२ किलोबिट वेगानेही बोलणे स्पष्ट ऐकू येते; म्हणजे तासभराच्या आवाजाला जेमतेम १५ एमबी डेटा लागतो. खरा डेटा खातात ते सर्वांचे कॅमेरे. बिगब्लूबटन या ऑनलाइन वर्गासाठीच्या मोफत प्रणालीमध्ये विद्यार्थ्यांना एकमेकांचे कॅमेरे दिसू नयेत अशी सोय आहे, ती अवश्य वापरावी. एका खोलीत पाच माणसे राहत असताना मुलीने कॅमेरा सुरू केलाच पाहिजे, हा हट्ट मला तरी शिस्तीचा वाटत नाही.

फळ्यासाठी महागडे काही नको. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवून खालच्या कोऱ्या कागदावर लिहावे. तयार स्लाइड भरभर पुढे सरकतात. हाताने समीकरण मांडताना जो वेळ लागतो, तोच विद्यार्थ्याला उतरवून घ्यायला मिळतो. गूगलचे जॅमबोर्ड, म्हणजे ऑनलाइन फळ्याचे साधन, ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाले, त्यामुळे कोणत्याही एका फळ्यावर वर्षभराच्या टिपा अडकवून ठेवू नयेत; तास संपताच त्यांची पीडीएफ करून घ्यावी.

आता मुख्य भाग, म्हणजे शेजारचा बाक. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत ऑनलाइन तासिकेला चपखल बसते. संकल्पनेवर एक प्रश्न द्यावा, प्रत्येकाने एकट्याने मत नोंदवावे, मग शेजाऱ्याशी वाद घालावा आणि पुन्हा मत द्यावे. उदाहरणार्थ, दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत लावले आहेत. त्यांपैकी एकाच्या दोन टोकांना साधी तार जोडली, तर दुसऱ्याचा प्रकाश वाढेल, कमी होईल की तसाच राहील? बिगब्लूबटनच्या मतदानात आपण प्रसिद्ध करेपर्यंत निकाल विद्यार्थ्यांना दिसत नाही, त्यामुळे हुशार मुलाकडे पाहून हात वर करण्याची सवय इथे चालत नाही. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील, तर निकाल न दाखवता विद्यार्थ्यांना तीन-चार जणांच्या उपखोल्यांत (सभेतल्याच छोट्या वेगळ्या खोल्या, ब्रेकआउट रूम) पाच मिनिटे पाठवावे. त्याहून कमी असतील तर संकल्पना पुन्हा शिकवावी, जास्त असतील तर पुढे जावे. गट दर वेळी बदलू नयेत. बाकावरची जोडी जशी ठरलेली असते तशीच इथेही असावी, कारण अनोळखी आवाजांसमोर मुले गप्प बसतात. ओळखीच्या गटात ती अहिराणीत किंवा पावरीत भांडली तर आनंदच मानावा.

दुसऱ्या मतदानानंतर उत्तर तोंडी सांगण्याऐवजी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET) प्रकल्पातील परिपथ जोडणीचे अनुकरण (सिम्युलेशन) उघडून तोच परिपथ जोडून दाखवावा. ते मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालते आणि या प्रकल्पातील अनेक अनुकरणे मराठीतही आहेत. दुसऱ्या बल्बचा प्रकाश वाढलेला दिसतो, कारण परिपथाचा रोध कमी होऊन प्रवाह वाढतो. अर्थात सैल जोडणी शोधणे आणि मीटरचे वाचन घेणे पडद्यावर शिकता येत नाही. ती प्रात्यक्षिके महाविद्यालय उघडे असेल तेव्हा सलग उरकावीत.

वहीत डोकावण्यासाठी तासाच्या मध्येच सोडवलेल्या उदाहरणाचे छायाचित्र मागवावे आणि दोन-तीन वह्या, नाव झाकून, सर्वांसमोर तपासाव्यात. गृहपाठाला मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीमधील प्रश्नोत्तर मंच उत्तम आहे: स्वतःचे उत्तर नोंदवल्याशिवाय इतरांची उत्तरे दिसत नाहीत, आणि मूळ सेटिंग न बदलल्यास त्यानंतरही अर्धा तास थांबावे लागते. ज्यांचे नेटवर्क तासात तुटले, त्यांना मूडलचे मोबाइल अ‍ॅप साहित्य उतरवून नंतर वाचू देते. हजेरीही अशा लोकांची लॉगिनवरून न धरता गृहपाठावरून धरावी.

तास संपल्यावर शिक्षकांनी लगेच निघून जाऊ नये. झूमच्या मोफत खात्यात ४० मिनिटांची आणि गूगल मीटच्या मोफत खात्यात गटाला ६० मिनिटांची मर्यादा असते, म्हणून शंकांसाठी वेगळा, कायमचा एकच दुवा ठेवावा आणि तिथे पंधरा मिनिटे बसावे. पहिले काही दिवस कोणी येत नाही. मग कोणीतरी हजेरीविषयी विचारायला येते आणि जाता जाता खरी शंका विचारते.