‘काउंटरवर पैसे भरा, चालेल’ यावर विसंबू नका

तुम्ही विचारलंय की टूरला सायकल विमानाने न्यायची तर पुठ्ठ्याचा बॉक्स बरा की हार्ड केस. ते सांगते, पण तुम्ही जाता जाता जे लिहिलंय ना, "दोन विमानं आहेत, फोनवर विचारलं तर म्हणाले चालेल, काउंटरवर पैसे भरा", तिथे मी अडकले. हेच वाक्य मीही ऐकलं होतं आणि खूश होऊन फोन ठेवला होता. त्यापायी अख्खी टूर भाड्याच्या सायकलवर काढली, तीही एक साइझ मोठी. म्हणून आधी ते.

माझं तिकीट एका कंपनीचं होतं, पण दुसरा टप्पा दुसरीच कंपनी उडवणार होती. कोडशेअर. मी फोन केला तिकीट विकणाऱ्या कंपनीला. "नोंद केलीये मॅडम," असं उत्तर मिळालं. मी फोनची तारीख-वेळ डायरीत टिपून ठेवली, काय ती जागरूकता! नोंद खरोखरच केलेली होती. फक्त ती वाचता आली पाहिजे हे मला ठाऊक नव्हतं. बुकिंगमध्ये सायकलसाठी ‘बीआयकेई’ असा चार अक्षरी कोड टाकतात आणि प्रत्येक टप्प्यापुढे त्याचं स्टेटस असतं. ‘एचके’ म्हणजे कन्फर्म. ‘एनएन’ म्हणजे विनंती पाठवलीये, समोरच्याने अजून होय म्हटलेलं नाही. ‘यूसी’ आलं तर सरळ नकार. माझ्या पहिल्या टप्प्यापुढे एचके होतं आणि दुसऱ्यापुढे एनएन, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

निघताना काही जाणवलं नाही. पैसे घेतले, शेवटच्या विमानतळापर्यंतचा टॅग चिकटवला, बॉक्स आत गेला. दुसरं विमान छोटं, पंख्यांचं. अशा विमानांत सामानाची जागा बेताची असते, म्हणून सायकली मोजूनच घेतात. मोजलेल्यांत माझी नव्हती. उतरल्यावर पट्टा फिरत राहिला, एक बेवारस छत्री चार वेळा माझ्यासमोरून गेली आणि मग पट्टाही थांबला.

पुढचा खेळ तुम्हाला खेळायला लागू नये. ज्या कंपनीच्या विमानातून उतरले तिचा डेस्क म्हणे, "सायकल आमच्याकडे चढलीच नाही, पहिल्यांना विचारा." पहिल्यांचा फोन म्हणे, "शोधायचं काम शेवटच्या कंपनीचं." दोघंही अगदी नम्र! अर्ध्या-पाऊण तासाने डेस्कवरच्या एका भल्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवून ते एनएन दाखवलं. त्या दिवशी मला खरी माहिती देणारा तो एकटाच. त्याने पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल, करून दिला. त्याचा नंबर घेतल्याशिवाय विमानतळ सोडू नका, "ईमेल करा, बघतो" असं कुणी कितीही गोड बोललं तरी.

टूर दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. सायकल आली चौथ्या दिवशी, पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलवर. मी तेव्हा चार टप्पे पुढे. रिसेप्शनवरच्या माणसाने माझ्या वतीने सही करून बॉक्स कोठीत ठेवला. पावतीवर छापलेलं होतं, "सामान सुस्थितीत मिळाले." आठ दिवसांनी परत येऊन उघडते तर बॉक्सच्या कोपऱ्याला मूठ जाईल एवढं भोक, हँगर (मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा) आत वाकलेला आणि मागचा रोटर, म्हणजे डिस्क ब्रेकची चकती, थाळीसारखा डुगडुगतोय. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९चा माँट्रियल करार लागू असेल तर सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत करावी लागते, ते मिळाल्यापासून. माझ्या हिशेबाने ‘मिळालं’ म्हणजे मी हात लावला तेव्हा, त्यांच्या हिशेबाने हॉटेलची सही झाली तेव्हा. अर्ज फेटाळला. उशिराच्या तक्रारीला २१ दिवस मिळतात, म्हणून सायकलच्या भाड्याचे पैसे तेवढे आले, तेही पाच महिन्यांनी. एवढं तरी बरं की या करारात तिकीट विकणारी आणि प्रत्यक्ष उडवणारी, दोन्ही कंपन्या बांधील असतात. कोण कोणावर ढकलतंय यात पडू नका, दोघींना एकच पत्र पाठवा. (मी वकील नाही. देशांतर्गत प्रवासाचे नियम वेगळे असू शकतात, आपापले तपासा.) भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशेबी एकक. ही मर्यादा आहे, एवढे मिळतातच असं नव्हे. सायकल महागडी असेल तर वेगळा विमा काढा.

तेव्हा आजच फोन करा आणि "चालेल का?" असं विचारू नका. "दोन्ही टप्प्यांवर बीआयकेई एचके दिसतंय का?" असं विचारा आणि तसा ईमेल मागा. मग उडवणाऱ्या कंपनीलाही वेगळा फोन करा, तिचा बुकिंग नंबर बऱ्याचदा वेगळा असतो, तो मागून घ्या. बॉक्सची लांबी-रुंदी-उंची आणि वजन त्यांना द्या. साध्या सामानाला तिन्हींची बेरीज १५८ सेंमीपर्यंत चालते, सायकलचा बॉक्स सहज सव्वादोनशेच्या पुढे जातो. आणि काउंटरवर ‘लिमिटेड रिलीज’चा टॅग पुढे केला तर सही करण्याआधी वाचा. पॅकिंग अपुरं होतं हे त्यावर तुम्हीच लिहून देत असता.

आता बॉक्स. माझं मत पुठ्ठा, आणि लोक यावर भांडतात हे माहीत आहे. हार्ड केस एकटीच दहा-बारा किलोंची, वर टूरिंग सायकल तेरा किलोंची, म्हणजे २३ किलोंची मर्यादा तिथेच संपली. शिवाय टूर एका गावात सुरू होऊन दुसऱ्या गावात संपत असेल तर रिकामी केस ठेवणार कुठे? पुठ्ठा टाकून देता येतो. स्पर्धेला जाणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी माझं ऐकू नये. पॅकिंगचं सगळं तुम्हाला माहीत असेलच, दोनच गोष्टी सांगते. आरडी, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग, हँगरसकट उतरवून चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्यांच्या) आत बांधा. आणि त्याच मॉडेलचा जादा हँगर हँडबॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नाही. बहुतेक फ्रेमचे हँगर वेगवेगळे असतात आणि परक्या गावात आपला मिळेलच असं नाही.

टायरमधली पूर्ण हवा काढायला सांगतील. वाद घालू नका, पण भीतीही बाळगू नका. सामानाच्या भागातही केबिनसारखाच दाब ठेवलेला असतो, वर गेल्यावर फरक पडतो तो साडेतीन-चार पीएसआयचा. मी रिम वाचेल एवढी हवा ठेवते. टायरमध्ये झटपट हवा भरायच्या सीओटूच्या कॅप्सूल मात्र नेऊच नका. नियमात विमान कंपनीच्या परवानगीने चार छोट्या चालतात, पण सुरक्षा तपासणीतल्या माणसाला ते पटवत उभं राहण्यापेक्षा हातपंप बरा. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच.

तुमच्या दुसऱ्या टप्प्याचं विमान कोणतं आहे? तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’ पुढे काय लिहिलंय तेही सांगा, मग परतीच्या प्रवासाचं बघू. मी परतीच्या तिकिटावरचा कोड तपासला तेव्हा तिथेही एनएनच निघालं होतं.